मूषक-संरक्षण चाचणी

नवे जंतुनाशक औषध जिवंत शरीरातला संसर्ग आटोक्यात आणते का, हे पाहण्यासाठी पांढऱ्या उंदरांवर केली जाणारी प्राथमिक चाचणी. उंदरांच्या उदरपोकळीत जंतूंची मारक मात्रा टोचून काहींना औषध देतात, काहींना तसेच ठेवतात. निम्मे उंदीर वाचविणाऱ्या मात्रेला ‘पन्नास टक्के संरक्षक मात्रा’ म्हणतात. जंतू पुरेसे मारक नसतील, तर ते डुकराच्या जठरातील म्यूसिनमध्ये (चिकट श्लेष्मद्रव्यात) कालवून टोचण्याची रीत आहे.

चाचणीच्या उगमाबाबत एकमत नाही. काही लेखक तो पाउल एर्लिख व कियोशी शिगा यांच्या कामापर्यंत (१९०४) नेतात. त्यांनी ट्रिपॅनोसोम या एकपेशीय परजीवींनी बाधित उंदरांना ‘ट्रिपॅन रेड’ हे रंगद्रव्य दिले होते. मात्र ट्रिपॅनोसोम हे जिवाणू नव्हेत. त्यामुळे जिवाणुजन्य संसर्गापुरता आरंभ गेरहार्ट डोमाक यांच्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. डिसेंबर १९३२ मध्ये जर्मनीतील एल्बरफेल्ट येथे त्यांनी मालागोलाणूंनी (स्ट्रेप्टोकॉकस) बाधित उंदरांवर प्राँटोसिल हे लाल रंगद्रव्य वापरले. औषध मिळालेले उंदीर जगले. निष्कर्ष छापून आला तो फेब्रुवारी १९३५ मध्ये. या विलंबाचे कारण पेटंट, की पुरावा भक्कम करण्याची गरज, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. बहुधा दोन्ही असावीत. परीक्षानळीत हेच द्रव्य निष्प्रभ ठरते, हे येथे महत्त्वाचे. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील ट्रेफुएल दांपत्य, नित्ती व बोव्हे यांनी दाखविले, की शरीरात प्राँटोसिलचे विघटन होऊन सल्फानिलमाइड तयार होते व खरा परिणाम त्याचाच असतो. सल्फानिलमाइड १९०८ पासूनच ज्ञात असल्याने त्यावर नवे पेटंट शक्य नव्हते. उत्पादकांना हे आधीच ठाऊक होते, हा आरोप अधूनमधून होतो. त्याला निर्णायक पुरावा नाही.

पेनिसिलिनच्या बाबतीत उलट घडले: परीक्षानळीतला परिणाम आधी दिसला, बाधित उंदरांवरची चाचणी मागाहून झाली. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२९ च्या लेखात ससा व उंदीर यांना पेनिसिलिनयुक्त द्रव टोचून तो विषारी नसल्याचे नोंदविले. बाधित उंदरांवर मात्र तो वापरला नाही. ती चाचणी ऑक्सफर्डला २५ मे १९४० रोजी झाली. आठ उंदरांना मालागोलाणू टोचले, चौघांना पेनिसिलिन दिले. तेथील संशोधक नॉर्मन हीटली रात्रभर पिंजऱ्यांजवळ बसून राहिले. पहाटे साडेतीनच्या सुमारास औषधाविना ठेवलेले चारही उंदीर मेलेले होते.

प्राण्याची निवड निर्णायक ठरू शकते. पेनिसिलिन गिनीपिगला घातक असल्याचे १९४३ मध्ये आढळले. आतड्यातील जंतूंचे संतुलन बिघडणे हे त्याचे कारण मानले जाते. उलट क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा फेल्डमन व हिनशॉ यांनी गिनीपिगवरच केली, कारण तो प्राणी क्षयाला सहज बळी पडतो.

लशींची परीक्षा हा निराळा विषय आहे. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेण्याआधी सशांवर पाहिली होती, ती त्यात मोडते.

मृत्यू हाच निकष असलेली ही चाचणी आता मागे पडत आहे. त्याऐवजी उंदराच्या रक्तातील पांढऱ्या पेशी औषधाने कमी करून मांडीच्या स्नायूत जंतू टोचतात व सुमारे २४ तासांनी स्नायू वाटून त्यातील जंतू मोजतात. भारतात असे प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखालील समितीच्या देखरेखीत होतात. २०२३ च्या नियमदुरुस्तीने प्राण्यांविना केलेल्या चाचण्यांचे निष्कर्षही ग्राह्य धरण्यास वाव दिला आहे.