बाळाच्या अंगावरची प्रत्येक लाल गाठ हिमॅन्जिओमा नसते, हे कळायला 57 वर्षं का लागली

तान्ह्या बाळाच्या अंगावर लाल गाठ आली की डॉक्टर म्हणतात घाबरू नका, हिमॅन्जिओमा आहे, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, आपोआप जाईल, आणि बहुतेक वेळा तसंच होतं. पण लाखात एखाद्या बाळाची गाठ वेगळी निघते, जांभळट, कडक, तुकतुकीत, आणि ती पसरायला लागली की रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, धडाधड खाली येतात. हिचं नाव कापोसिफॉर्म हिमॅन्जिओएन्डोथेलिओमा, सोयीसाठी केएचई.

1940 मध्ये न्यूयॉर्कच्या कासाबाख आणि मेरिट या दोन डॉक्टरांनी अशा एका बाळाची केस छापली, मांडीवरचा डाग वाढत वाढत पोटापर्यंत गेला होता. त्यांनी तो साधा हिमॅन्जिओमाच धरला, तेव्हा दुसरं काही माहीतच नव्हतं. पण पुढे हीच समजूत घट्ट बसली, मोठा हिमॅन्जिओमा म्हणजे प्लेटलेट्स कमी होणारच असं धरून रेडिएशन, स्टेरॉइड, इंटरफेरॉन सगळं करून झालं, कुणाला गुण आला कुणाला नाही. प्लेटलेट्स कमी म्हणून बाहेरून चढवाव्यात, तर गाठ त्याही अडकवून ठेवते आणि अजून फुगते, म्हणून रक्तस्राव किंवा ऑपरेशन नसेल तर आता त्या शक्यतो देत नाहीत.

1993 मध्ये झुकरबर्ग आणि सहकाऱ्यांनी मायक्रोस्कोपखाली ही गाठ वेगळी ओळखून तिला आत्ताचं नाव दिलं, आणि 1997 मध्ये पॅरिस आणि बोस्टनच्या डॉक्टरांनी जुन्या केसेस परत तपासल्या तेव्हा दिसलं की प्लेटलेट्स खाणारा तो साधा हिमॅन्जिओमा नव्हताच! 2000 मध्ये गाठीच्या पेशींमधली ग्लट-वन नावाची खूण सापडली, साध्या हिमॅन्जिओमात ती असते, केएचईत नसते, म्हणजे दोन्ही गाठी मुळातच वेगळ्या. म्हणूनच 2008 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोला प्रोप्रॅनोलॉल या रक्तदाबाच्या औषधाचा गुण कळला आणि हिमॅन्जिओमाची ट्रीटमेंटच बदलून गेली, तरी केएचईवाल्या बाळांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

त्यांना आधी व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध आणि स्टेरॉइड यांचा आधार होता, मग आलं सिरोलिमस, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. याचं मूळ 1964 मध्ये पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीत, आणि त्या मातीतल्या जंतूपासून हे औषध वेगळं काढलं ते कॅनडातल्या माँट्रियलमध्ये आपल्या सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या टीमने. लॅब बंद पडायला आली तेव्हा त्यांनी नमुना घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला, मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. 1999 मध्ये हे औषध किडनी ट्रान्सप्लांटसाठी मंजूर झालं, 2003 मध्ये सेहगल गेले, आणि 2011 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी छापलं की सिरोलिमसने केएचईची गाठही मऊ पडते, प्लेटलेट्स वर येतात.

आता निदानाला एमआरआय, प्लेटलेट्स आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) बघतात, बायोप्सी रक्तस्रावाचा धोका तोलून मगच. सिरोलिमस महिनोन्‌महिने चालतं, रक्तातली लेव्हल तपासत राहावी लागते, इन्फेक्शनपासून जपावं लागतं, आणि गाठ पूर्ण जात नाही, सांध्याजवळ असेल तर मूल मोठं झाल्यावरही आखडलेपणा राहू शकतो, म्हणून फॉलोअप अनेक वर्षं चालू ठेवावा लागतो.