नेमकं कुठलं सीमास्टर? एका नावामागची पाऊणशे वर्षं

मागच्या महिन्यात मामेभावाने एकामागोमाग चार फोटो पाठवले. चारही ओमेगा कंपनीची मनगटी घड्याळं, चारही सीमास्टर नावाची, आणि एकाचं दुसऱ्याशी काडीचं साम्य नाही. एक पातळ, सोनेरी, लग्नात सूटवर घालावं असं. दुसरं जुन्या टीव्हीच्या आकाराचं. तिसरं निळ्या लाटांच्या डायलचं, जाडजूड स्टीलच्या पट्ट्याचं. आणि चौथं भडक निळ्या-लाल डायलचं, काल दुकानातून आणल्यासारखं चकचकीत, पण विकणारा म्हणतोय साठच्या दशकातलं आहे. किमतीत एकमेकांच्या आठ-दहा पट फरक. आणि खाली प्रश्न, "दादा, यातलं खरं सीमास्टर कुठलं?"

पहिली तीन पूर्ण खरी. चौथ्याचं मशीन, म्हणजे आतली यंत्रणा, खरं असू शकतं, डायल मात्र नक्कीच खरं नाही. पण हे असं एका ओळीत सांगून त्याला काही कळलं नसतं, कारण घोळ त्याच्या डोक्यात नाहीये, घोळ नावातच आहे, आणि तो कसा झाला हे बघायचं तर बरंच मागे जावं लागतं.

लुई ब्रांट यांनी स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फों गावात १८४८ साली काम सुरू केलं. ओमेगा हे नाव आधी एका मशीनचं होतं, १८९४ सालच्या, आणि ते इतकं चाललं की १९०३ मध्ये कंपनीनेच ते घेतलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला ओमेगाने लाखाहून जास्त घड्याळं पुरवली, पाण्या-चिखलात टिकणारी. युद्ध संपल्यावर तीच मजबुती साध्या माणसाच्या मनगटावर आणायची म्हणून १९४८ साली, कंपनीच्या शंभरीला, सीमास्टर आलं. त्यात खरी नवी गोष्ट होती रबराची गोल रिंग. त्याआधी वॉटरप्रूफ घड्याळांत शिसं किंवा लाखेचं सील असायचं, ते ऊन-थंडीने बिघडायचं, ही रिंग बिघडत नव्हती. म्हणजे नावात समुद्र असला तरी पहिलं सीमास्टर पाणबुड्याचं घड्याळ नव्हतंच, ते ऑफिसला जाणाऱ्या माणसाचं, पावसात भिजलं तरी चालणारं घड्याळ होतं. मामेभावाच्या पहिल्या फोटोतलं पातळ सोनेरी घड्याळ याच घराण्यातलं.

अगदी सुरुवातीच्या ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणाऱ्या घड्याळात, ती चावी देणारं आतलं वजन, म्हणजे रोटर, पूर्ण फिरत नसे, दोन स्प्रिंगांमध्ये आपटून परत यायचा. हातात घालून मनगट झटकलं की आतून ठक्-ठक् जाणवतं. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं काहीतरी सुटलंय आत. १९५५ नंतर पूर्ण फिरणारे रोटर आले, आणि साठच्या दशकातली ५५२, ५६२, ५६५ ही तांब्यासारख्या रंगाची मशीनं म्हणजे माझ्या मते ओमेगाने केलेलं सगळ्यात सुंदर काम. पन्नास-साठ वर्षांनी नीट ऑइलिंग केलं की अजून दिवसाला काही सेकंदांच्या फरकाने चालतात.

घोळाची सुरुवात १९५७ मध्ये. त्या वर्षी ओमेगाने तीन घड्याळं एकत्र आणली, पाण्यात उतरणाऱ्यांसाठी सीमास्टर ३००, चुंबकीय क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी रेलमास्टर आणि गाड्यांच्या शर्यतीसाठी स्पीडमास्टर. आता सीमास्टर हे नाव साध्या घड्याळाचंही होतं आणि अस्सल डायव्हिंगच्या घड्याळाचंही. त्यात ३०० लिहिलेलं ते घड्याळ अधिकृतपणे २०० मीटरचंच होतं, कारण तेव्हाची तपासणीची यंत्रं त्याच्या पुढे जाऊ शकत नव्हती. मग १९६० मध्ये सीमास्टर डे व्हिल आलं, म्हणजे शहरी, नाजूक घड्याळ, डायलवर दोन्ही नावं. १९६७ मध्ये डे व्हिल वेगळं निघालं. मध्ये कॉस्मिक, सीमास्टर ३०, सीमास्टर ६०० अशी नावं येत राहिली. यातला ३० म्हणजे मशीनचा व्यास आहे, मीटर नाहीत. इथे भले भले चकतात.

डे व्हिलबद्दल एक सांगायलाच हवं. त्यातल्या बऱ्याच घड्याळांना मागचं झाकणच नाही, सगळी केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, एकसंध, काच काढून समोरून मशीन बाहेर घ्यायचं. ज्याला हे माहीत नसतं तो मागून सुरी घालून उघडायला बघतो. पुण्याच्या जुन्या बाजारात, रविवारी किंवा बुधवारी, अशी घड्याळं हातात येतात आणि पाठीला कडेने ओरखडे दिसतात, कुणीतरी कधीतरी जोर लावलेला असतो. जीव कळवळतो.

आता आपल्याकडचं. साठ-सत्तरच्या दशकात परदेशी घड्याळ सरळ दुकानात जाऊन घ्यायची सोय जवळपास नव्हती, आयातीवर कडक बंधनं. १९६१ मध्ये सिटिझनच्या मदतीने एचएमटीने बंगळूरला घड्याळं काढायला सुरुवात केली आणि बहुतेक घरांत तीच आली. ओमेगा यायचं ते कुणी आखातातून आणलं म्हणून, कुणी बोटीवर होता म्हणून, नाहीतर चोरबाजारातून. पुण्यात तर फौजी घरं भरपूर. माझे मोठे काका युनोच्या शांतिसेनेतून काँगोला गेले होते, येताना सीमास्टर घेऊन आले. तारीख नसलेलं, ५५२ मशीनचं, पाठीवर समुद्री घोडा. तो घोडा व्हेनिसच्या गोंडोलांवरच्या नक्षीवरून घेतलेला आहे. मशीनवरचा नंबर एक कोटी ऐंशी लाखांच्या घरातला आहे, म्हणजे साधारण १९६१. ओमेगाचे त्या काळातले नंबर चढत्या क्रमाने जातात म्हणून वर्षाचा अंदाज येतो.

काका गेल्यावर ते बाबांकडे आलं. मूळ डायल क्रीम रंगाचं, बारा आणि सहाच्या मध्ये पिवळसर झाक आलेलं. मी चौथी-पाचवीत असेन, बाबांनी ते पेठेतल्या एका दुकानात ऑइलिंगला दिलं आणि त्या भल्या माणसाने न सांगता डायल रंगवून दिलं. काळं कुळकुळीत. बाबा खूश झाले होते, "नवं कोरं करून दिलं बघ." त्या काळात त्यात कुणालाच काही चूक वाटत नव्हती, डाग पडलेली तबकडी रंगवणं म्हणजे भांड्याला कल्हई करण्यासारखं. आज भिंगातून बघितलं की दिसतं, मिनिटांच्या रेघा आणि धातूच्या उभ्या पट्ट्या एका रेषेत नाहीत, सहाच्या खाली 'स्विस मेड' गायब आहे, आणि सीमास्टरमधला 'एस' जाडा, हाताने काढल्यासारखा. खालचं क्रीम डायल आता परत येणार नाही. मशीन मात्र तसंच, तांब्याचं, एकही ओरखडा नाही.

हेच पुढे धंद्याच्या प्रमाणावर झालं. मुंबईत जुनी मशीनं घेऊन त्यांना नवे भडक डायल, भलतेच काटे, बाहेरची केस लावून विकायचं. जगभरातले घड्याळवेडे भारतातून आलेलं चकचकीत जुनं घड्याळ म्हटलं की आधी संशयच घेतात, आणि त्यांचं चुकत नाही. चौथा फोटो हाच. साठ वर्षांचं डायल थोडं तरी म्हातारं दिसायला हवं. साठच्या दशकाच्या मध्यापासून ट्रिशियम लावलेल्या डायलवर 'स्विस मेड' च्या दोन्ही बाजूंना 'टी' हे अक्षर असतं, म्हणून तो 'टी' आहे पण डायलवर-काट्यांवर अंधारात चमकणाऱ्या रंगाचा मागमूस नाही, असं दिसलं तर थांबायचं.

मग क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारी घड्याळं. २५ डिसेंबर १९६९ ला सेकोने अॅस्ट्रॉन आणलं आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत स्विस धंद्याचं कंबरडं मोडलं. ओमेगाने त्या काळात सगळं करून बघितलं, ट्यूनिंग फोर्कवर चालणारं, कानाशी धरलं तर गुणगुणणारं एफ३००, टीव्हीच्या आकाराच्या केस, आणि दुसरीकडे १९७० च्या आसपासचं खरोखरच राक्षसी, ६०० मीटरचं, पाणबुड्यांसाठीचं प्लोप्रॉफ. सगळ्यांवर नाव तेच, सीमास्टर. ही दुसऱ्या फोटोतली पिढी. स्वस्त मिळतात म्हणून मोह होतो, पण एफ३०० बंद पडलं तर ते दुरुस्त करणारा माणूस पुण्यात शोधून दाखवा. मी तरी पहिल्यांदा घेणाऱ्याला नको म्हणेन. १९८३ मध्ये बुडायला आलेल्या दोन मोठ्या स्विस समूहांना एकत्र केलं गेलं, निकोलस हायेक यांनी ते सावरलं, पुढे १९९८ मध्ये त्याचं नाव स्वॉच ग्रुप झालं, आणि ओमेगा त्यात वाचलं.

१९९३ मध्ये आलेलं सीमास्टर प्रोफेशनल ३०० मीटर म्हणजे तिसरा फोटो. निळं लाटांचं डायल, दहाच्या ठिकाणी हेलियम वायू बाहेर सोडायची वेगळी चावी. १९९५ च्या बाँडपटात पिअर्स ब्रॉस्नन यांच्या हातात होतं ते क्वार्ट्झ, मॉडेल नंबर २५४१.८०. ऑटोमॅटिक, म्हणजे २५३१.८०, त्याच्या पुढच्या बाँडपटात, १९९७ मध्ये आलं. फोटोत दोन्ही जुळी भावंडं दिसतात, पण ऑटोमॅटिकच्या डायलवर 'ऑटोमॅटिक' आणि 'क्रोनोमीटर' (म्हणजे अचूकतेची चाचणी पास झालेलं) असतं, क्वार्ट्झवर ते दोन्ही शब्द नसतात. विकणारे दोघांनाही "बाँडवालं" म्हणतात, किंमत मात्र एक नाही. शिवाय याचं ३६ मिलिमीटरचं मधलं मापही आहे, आपल्याकडच्या कित्येक पुरुषांच्या मनगटाला ४१ पेक्षा तेच शोभतं, पण फोटोत माप कळत नाही म्हणून ते विचारूनच घ्यायचं. आतलं ११२० मशीन ईटीए या स्विस मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या २८९२ वर आधारलेलं, दणकट, आणि ते समजणारे कारागीर सगळीकडे आहेत. ही फार मोठी गोष्ट आहे.

पुढे जॉर्ज डॅनियल्स या इंग्लिश घड्याळजींचं को-अॅक्सियल तंत्र ओमेगाने १९९९ मध्ये २५०० मशीनमधून आणलं, घर्षण कमी, तेल जास्त टिकतं. पण २५०० च्या आधीच्या आवृत्त्या कधी कधी मध्येच थांबायच्या, म्हणून ते बदलत बदलत डी आवृत्तीपर्यंत गेलं. २००५ चं सीमास्टर प्लॅनेट ओशन आणि २००६ चं नवं ३०० मीटर दोन्हींत हेच मशीन. आवृत्ती विचारा.

नावाने काहीच कळत नाही, नंबराने कळतं. १९६२ च्या सुमाराला सहा आकडी रेफरन्स नंबर, म्हणजे मॉडेलचे नंबर, आले, झाकणाच्या आतल्या बाजूला कोरलेले. १३५ ने सुरू म्हणजे चावीचं (हाताने चावी द्यायचं), १३६ म्हणजे चावीचं पण तारखेसकट, १६५ ऑटोमॅटिक, १६६ ऑटोमॅटिक तारखेसकट, १६८ म्हणजे तारखेसकट क्रोनोमीटर. म्हणून १६६.०१० च्या नावाने आलेल्या घड्याळात तारखेची खिडकीच नसेल तर केस एकाची, डायल दुसऱ्याचं. अठ्ठ्याऐंशीच्या आसपास २५३१.८० सारखे नंबर आले, आणि २००७ पासून चौदा आकडी, त्यातला तिसरा गट म्हणजे सरळ मिलिमीटरमधलं माप.

स्पीडमास्टरबद्दल थोडक्यात, कारण मामेभावाचा पुढचा मेसेज त्याबद्दलच होता. चंद्रावर १९६९ मध्ये अंतराळवीर ऑल्ड्रिन यांच्या हातात होतं ते चावीचं, ४२ मिलिमीटरचं. १९८८ पासून त्यासारखंच दिसणारं, थोडं लहान, ऑटोमॅटिक 'रिड्यूस्ड' यायचं, त्यात साध्या मशीनवर क्रोनोग्राफचा, म्हणजे स्टॉपवॉचचा, वेगळा थर बसवलेला आहे. ओळखायचं कसं, सतत पळणारा छोटा सेकंद काटा मोठ्यात नऊकडे असतो, रिड्यूस्डमध्ये तीनकडे. रिड्यूस्ड वाईट नाही, पण ते चंद्रावरचं म्हणून विकत असतील तर तिथून उठा.

मामेभाऊ परवा रविवारी घरी आला. काकांचं घड्याळ त्याच्या हातात घातलं, त्याला ते फारच आवडलं, पण तो रोज बाइकवरून हिंजवडीला जातो, जुलैत रेनकोट घालूनही बाही भिजते, आणि साठ वर्षांच्या घड्याळाची वॉटरप्रूफ रिंग ही आता फक्त रिंग असते. माझा एक मित्र सीमास्टर नावावर विसंबून साठच्या दशकातलं घड्याळ घालून पोहायला उतरला होता, दहा मिनिटांत काचेखाली धुकं आणि आठवड्यात काट्यांना गंज. म्हणून मामेभावाचं ठरलं, नव्वदच्या दशकातलं ३६ मिलिमीटरचं ऑटोमॅटिक, २५५१.८०, आणि घेतल्या घेतल्या सील बदलून पाण्याची प्रेशर टेस्ट. कोथरूडमधल्या एकाकडे एक आहे म्हणे, पट्ट्याच्या काढलेल्या कड्यांसकट. झाकण उघडून मशीनचा फोटो मागितलाय, अजून आलेला नाही, आणि तो आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत असं मी त्याला बजावून ठेवलंय.