अक्षरविभाजन (वेब)

मजकुराची अक्षरांत, शब्दांत किंवा वाक्यांत फोड करण्याची ब्राउझरमधली सोय. जावास्क्रिप्टमध्ये ती ‘इंटल.सेगमेंटर’मार्फत मिळते. क्रोम ८७ (२०२०) आणि सफारी १४.१ (२०२१) यांत ती आधी आली, फायरफॉक्स १२५ मध्ये (एप्रिल २०२४) शेवटी. ‘बेसलाइन’च्या, म्हणजे सर्व प्रमुख ब्राउझरांत काय चालते याच्या, गणतीत ती म्हणून २०२४ पासूनची.

जावास्क्रिप्टची ‘लेंग्थ’ अक्षरे मोजत नाही, यूटीएफ-१६ या साठवण-पद्धतीचे घटक मोजते. ‘तुर्भे’ची लांबी ती ६ सांगते: त, उकार, र, हलन्त, भ, मात्रा. मजकुराचा तुकडा कापणाऱ्या ‘स्लाइस’ने पहिले ४ घटक घेतले तर ‘तुर्’ उरते, ३ घेतले तर ‘तुर’. रफार दोन्हीकडे जातो. रकान्यात किती मजकूर मावेल हे ठरवणारे एचटीएमएलचे ‘मॅक्सलेंग्थ’ही हेच घटक मोजते. पत्त्याच्या रकान्याला १० ची मर्यादा असेल, तर ‘ठाणे पश्चिम’मधला शेवटचा म उमटतच नाही. वाचणाऱ्याच्या लेखी ती अक्षरे अवघी पाच.

पण अक्षर कोणते, यावरच मतभेद होते. जोडाक्षर एकच धरायचे, ही मराठी लेखनाची जुनी रीत. संगणकावरील लिप्यांचे मानक असलेल्या युनिकोडच्या २९ व्या परिशिष्टात मात्र ती टप्प्याटप्प्याने आली. सुरुवातीच्या व्याख्येत ‘ठाणे’चा काना स्वतंत्र पडे व तुकडे तीन होत, ५.१ आवृत्तीतील (२००८) विस्तारित व्याख्येने काना मागच्या व्यंजनाला जोडला. तरी हलन्तापाशी तोड राहिलीच: ‘तु-र्-भे’, ‘मुं-ब्-रा’. १५.१ आवृत्तीत (सप्टेंबर २०२३) आलेल्या ‘जीबी ९सी’ नियमाने देवनागरीसह सहा लिप्यांत जोडाक्षर अखंड ठेवले आणि दोन्ही नावे दोन-दोन अक्षरांची झाली. मराठीसाठी हीच व्याख्या अधिक सयुक्तिक दिसते. अडचण व्यवहारातली आहे. नियम ब्राउझरसोबत येणाऱ्या युनिकोड ग्रंथालयात असतात (आयसीयू या अशा ग्रंथालयात ७४ व्या आवृत्तीपासून), त्यामुळे जुन्या फोनवर ‘तुर्भे’ ३ आणि सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये २ असा हिशेब निघू शकतो. मर्यादेची अंतिम तपासणी म्हणून एकाच ठिकाणी, शक्यतो सर्व्हरवर करावी.

‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’ यांतल्या अर्ध्या र चा प्रश्न निराळा. तो दोन प्रकारे साठवला जातो: ‘ऱ’ व हलन्त, ही आयएससीआयआय या जुन्या भारतीय मानकाशी जुळणारी पद्धत, किंवा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह, जी युनिकोड २.० शी सुसंगतता राखण्यासाठी टिकली. दिसायला दोन्ही सारखे, विभाजनातही ‘दुसऱ्या’ दोन्हीकडे तीनच अक्षरांचा. पण लांबी एकीकडे ७, दुसरीकडे ८, आणि तुलना केली तर असमान. एकाच अक्षराची वेगळी रूपे एकसारखी करणारे एनएफसी सामान्यीकरण र व नुक्ता (खालचे टिंब) यांचे ‘ऱ’ करते, जोडचिन्हाचे रूप मात्र तसेच सोडते. ‘दुसऱ्या मजल्या’चा पत्ता शोधात सापडत नसेल, तर आधी हे तपासावे. साठवण्यापूर्वीच जोडचिन्हाच्या रूपाऐवजी ‘ऱ’ व हलन्त ठेवणे, हा सरळ उपाय.

वापरासाठी ‘एमआर’ (मराठी) ही भाषा व ‘ग्राफीम’ (अक्षर) ही पातळी द्यावी. विभाजक एकदाच तयार करून ठेवावा. प्रत्येक कळ दाबताना नवा बनवला तर फॉर्म जड होतो. शब्दपातळीवर जागा व विरामचिन्हेही तुकडे म्हणून येतात, ती तुकडा शब्द आहे का हे सांगणाऱ्या ‘इजवर्डलाइक’ने गाळावीत. वाक्यपातळी मराठीला तितकीशी मानवत नाही: ‘डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह’ हे नाव ‘डॉ.’पाशी तुटते, कारण टिंबानंतरचे लहान लिपीतले (इंग्रजीतल्या स्मॉल लेटरसारखे) अक्षर ही वाक्य न संपल्याची खूण देवनागरीत नसतेच. ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘श्री.’ यांवर संपणारे तुकडे पुढच्याला जोडून घ्यावे लागतात.