जीपची घरगुती देखभाल (ग्रामीण विदर्भ)

पांदण रस्ते, नाले, घाटवाटा आणि जंगलातील कच्चे मार्ग यांवर चालणाऱ्या ‘फोर बाय फोर’ (चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणाऱ्या) वाहनाची निगा, दुरुस्ती व किरकोळ सुधारणा मालकाने स्वतः करण्याची पद्धत. हे काम घराच्या अंगणात किंवा वावरातल्या कोठ्याजवळ होते. अडलेल्या ठिकाणी गावातल्या मिस्त्रीचा हात लागतो. विदर्भात अशा वाहनाला, ते कोणत्याही कंपनीचे असले तरी, बोलण्यात सरसकट ‘जीप’ म्हणतात.

महिंद्राने १९४७ मध्ये विलिज जीपची भारतात जुळणी सुरू केली आणि त्याच घराण्यातली एमएम ५४० ही डिझेल जीप पुढे खेड्यापाड्यांत पोहोचली. मारुतीची जिप्सी १९८५ च्या अखेरीस आली. महिंद्राची थार २०१० मध्ये, तर तिचे पूर्णपणे नवे रूप २०२० मध्ये आले. यांतील जुन्या गाड्यांची रचना उघडी आहे. स्वतंत्र चासी, पाट्यांचे सस्पेंशन, पुढे आणि मागे दोन चाकांमधले लोखंडी हौजिंग (ज्याच्या आत गिअर तेलात फिरतात ते कवच) आणि चारही चाकांना जोर देण्यासाठी हाताने टाकायचा ट्रान्स्फर गिअर एवढाच तिचा संसार असल्याने पान्यांचा एक संच, जॅक, ग्रीस गन आणि थोडा धीर असलेल्या माणसाला तिची बहुतेक कामे करता येतात. नव्या थारमध्ये संगणकीय नियंत्रण आल्यामुळे इंजिनाच्या कामाला मर्यादा पडतात, परंतु चाके, हौजिंग, सांधे आणि रेडिएटर यांची निगा तिथेही हातानेच करावी लागते.

विदर्भातील देखभालीचे वेळापत्रक किलोमीटरवर बसवता येत नाही. खरिपाच्या चार महिन्यांत वावर आणि गाव एवढेच धावलेली जीप मीटरवर हजार किलोमीटरही दाखवत नाही, पण तिच्या सीलांची आणि बुशांची जी झीज होते ती डांबरी रस्त्यावरच्या कित्येक हजार किलोमीटरपेक्षा अधिक असते. याचे मूळ मातीत आहे. बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती, यवतमाळ आणि वर्धा या पट्ट्यातील काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट या चिकण खनिजाचे प्रमाण मोठे असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळल्यावर आकसून भेगाळते. ओली काळी माती टायरच्या नक्षीत ठासून बसते, चाक गुळगुळीत गोळ्यासारखे फिरू लागते, आणि मडगार्डच्या आत साचलेला गारा एका रात्रीत विटेसारखा कडक होतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाच्या बांध्या आणि जंगलातील ओढे असल्यामुळे तिथे चिखलापेक्षा पाण्याचा प्रश्न मोठा आहे. वणी आणि चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात धूळ हा बारमाही त्रास आहे. म्हणून इथली जीप शेतीच्या हंगामाप्रमाणे सांभाळावी लागते.

पावसाळ्यातील सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वाधिक दुर्लक्षित काम हौजिंगच्या तेलाचे आहे. धावून तापलेले हौजिंग नाल्याच्या थंड पाण्यात शिरले की आतील हवा आकसते. अशा वेळी हौजिंगवरचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचे छोटे तोंड) चिखलाने बुजलेला असेल, तर आत तयार झालेली ओढ ऑइल सीलच्या कडेतून पाणी खेचून घेते. बाहेरून काही दिसत नाही. आतल्या क्राउन-पिनियन या गिअर-जोडीचे दात मात्र पाणी मिसळलेल्या तेलात झिजत राहतात आणि उन्हाळ्यापर्यंत मागून गुणगुण ऐकू येऊ लागते. तपासणी सोपी आहे. जीप रात्रभर सपाट जागी उभी ठेवावी आणि सकाळी, सुरू करण्यापूर्वी, तळाचा बोल्ट अगदी थोडा सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते, म्हणून आधी स्वच्छ पाण्याचे थेंब आले किंवा दूध घातलेल्या चहाच्या रंगाचे तेल आले, तर सगळे तेल बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. तेल पूर्ण काढायचे असेल तेव्हा थोडे अंतर धावून ते कोमट केल्यास गाळासकट बाहेर येते. मात्र खालचा बोल्ट काढण्याआधी वरचा, तेल भरण्याचा बोल्ट सुटतो आहे याची खात्री करून घ्यावी. तेल सांडून झाल्यावर वरचा बोल्ट गंजून अडकला असल्याचे कळले, तर जीप जागेवर खिळून राहते. खालच्या बोल्टला लोहचुंबक असल्यास त्यावरील करडा, मऊ लेप ही नेहमीची झीज समजावी, पण बोटाला टोचणारा कण लागला तर दात तुटू लागले आहेत. हौजिंगमध्ये सहसा ९० ग्रेडचे, जीएल-५ प्रतीचे तेल भरण्याच्या छिद्राच्या कडेला टेकेपर्यंत घालतात. गिअरबॉक्समध्ये मात्र तेच तेल डोळे मिटून ओतू नये, कारण अनेक गिअरबॉक्सच्या पितळी रिंगांसाठी उत्पादकाने जीएल-४ सांगितलेले असते.

ग्रीसिंगचे काम कष्टाचे आहे आणि ते नीट कसे करावे हे पाहूनच शिकावे लागते. निपलवरचा (ग्रीस भरण्याच्या तोंडावरचा) चिखल कापडाने पुसल्याशिवाय ग्रीस गन लावली तर पहिल्याच दाबाला माती सांध्यात ढकलली जाते. पाट्यांच्या पिनांवर गाडीचे वजन असताना दाबाखालच्या बाजूला ग्रीस पोहोचत नाही, म्हणून चासीखाली जॅक लावून पाटे मोकळे लोंबू द्यावेत आणि मगच गन चालवावी. आधी काळे, मातकट ग्रीस बाहेर येते आणि त्यामागून नव्याचा स्वच्छ रंग कडेला दिसला की तो सांधा भरला. शाफ्टच्या जॉइंटमधल्या क्रॉसमध्ये (अधिक चिन्हाच्या आकाराच्या सांध्यात) चारही टोप्यांतून ग्रीस डोकावले पाहिजे. तीनच टोप्यांतून आले, तर चौथ्या टोपीतले सुईबेअरिंग कोरडे चालले आहे आणि तो क्रॉस लवकरच आवाज करणार आहे. चिखलात रुतून निघालेल्या जीपचे ग्रीसिंग त्याच आठवड्यात व्हावे. पाटे खोलून पुन्हा बसवले असल्यास यू-बोल्ट ओझ्यासह थोडे अंतर चालल्यावर आडव्या-तिरप्या क्रमाने पुन्हा आवळावे लागतात, अन्यथा मधला बोल्ट तुटून हौजिंग सरकते.

कापूस वेचणी आणि सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत धूळ आणि तुसाचा मारा सुरू होतो. जुन्या जीपमध्ये हवेचा फिल्टर तेलाच्या वाटीचा असतो. धूळ तेलात बसते आणि वाटीच्या तळाशी घट्ट गाळ साचतो, तो खरवडून खुणेपर्यंतच नवे तेल भरावे. कागदी फिल्टर आतून बाहेर, कमी दाबाच्या हवेने झटकतात आणि फाटका दिसला की फेकतात. रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू आणि कुसळे एकदा चिखलात माखली की नमदा तयार होतो. तो इंजिनाच्या बाजूने पाणी मारून बाहेर काढावा लागतो, समोरून मारल्यास आणखी आत ठासतो. चैत्र-वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा याच जाळीवर इंजिनाचे आयुष्य अवलंबून असते. बोअरचे जड पाणी भरत राहिल्यास आत क्षार धरतात. कुलंट आणि शुद्ध केलेले पाणी निम्मे-निम्मे वापरल्यास उकळबिंदूही वाढतो आणि गंजही थांबतो. तापलेल्या रेडिएटरची टोपी उघडू नये, कारण दाबाखालील पाणी क्षणात उसळून चेहरा भाजते.

केवळ जॅकवर उचललेल्या जीपखाली कधीही शिरू नये; बाभळीचे रुंद गुटके किंवा लोखंडी स्टँड चासीखाली दिल्यानंतरच खाली जावे आणि जमिनीवर टेकलेल्या चाकांना दगड लावावेत. गंज लागू नये म्हणून जळके ऑइल खालून फासण्याची चाल गावोगाव आहे, ती सोडून द्यावी. त्या तेलाने रबरी बुश आणि ब्रेकचे होज फुगून खराब होतात, धूळ चिकटते आणि ठिबकलेले तेल विहिरीभोवतीच्या मातीत मुरते. दुसरी घातक सवय म्हणजे कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकून चालणे. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शिअल (दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअर-रचना) नसते. वळणावर पुढची चाके जास्त अंतर कापतात, तो फरक घसरून भरून निघायला डांबरावर वाव नसल्यामुळे सगळा पीळ क्रॉस आणि गिअरवर पडतो. याउलट महिन्यातून एकदा मऊ मातीवर काही अंतर फोर बाय फोरमध्ये चालवणे हितकारक आहे, कारण त्यामुळे पुढच्या हौजिंगचे वरचे भाग तेलाने भिजतात.

सुधारणांमध्ये सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सुधारणा ब्रीदरची नळी उंचावण्याची आहे. हौजिंगच्या ब्रीदरला तेल-उष्णता सोसणारी रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली किंवा डिझेलच्या तोंडाजवळ वर नेली, की पाणी ओढले जाण्याचे मूळ कारणच मिटते. त्यानंतर टायर येतात. काळ्या मातीसाठी खोल आणि विरळ नक्षीचे, स्वतः चिखल झटकणारे टायर लागतात, आणि रुतण्याची भीती असलेल्या ठिकाणी हवा ३० वरून २० पौंडांच्या आसपास उतरवली तर साध्या टायरची पकडही वाढते; पक्क्या रस्त्यावर येताच ती पुन्हा भरावी. जुन्या जीपमध्ये हेडलाइटचा सगळा प्रवाह डॅशबोर्डच्या बटणातून जातो. ६० वॉटच्या दोन दिव्यांना १२ व्होल्टवर सुमारे १० अँपिअर लागतात, त्यामुळे बटण तापते आणि उजेड मंदावतो. बॅटरीजवळ फ्यूजसह रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह सुरू-बंद करणारा स्विच) बसवल्यास तोच दिवा लक्षणीय उजळतो. जास्त वॉटचा दिवा लावून वायरिंग जाळण्यापेक्षा हा उपाय शहाणपणाचा आहे. स्नॉर्केलने (इंजिनाची हवा वरून घेणाऱ्या उंच नळीने) इंजिनात पाणी जाणे टळते, पण त्यामुळे भरलेला नाला ओलांडण्याचा परवाना मिळत नाही. नव्या थारसाठीही उत्पादकाने पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर दिली आहे, आणि वाहते पाणी त्याहून उथळ असले तरी गाडी रपट्यावरून खाली लोटू शकते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करण्यास मनाई असून, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका कायम केली. त्यामुळे दुसऱ्या बनावटीचे इंजिन किंवा कापून लांबवलेली चासी हा घरगुती सुधारणेचा विषय राहत नाही. समोर लोखंडी बुल बार लावण्यावरही केंद्र सरकारने २०१७ मध्ये हरकत घेतली आहे.

ताडोबातील सफारीच्या जिप्सी हे या देखभालीचे वेगळे उदाहरण आहे. मारुतीने २०१९ मध्ये जिप्सीची बुकिंग घेणे थांबवले, त्यामुळे मोठे सुटे भाग बहुधा जुन्या जिप्सींतून काढून वापरावे लागतात. व्याघ्र प्रकल्पाचे गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद असते, त्यामुळे क्लच, बुश, पाटे आणि हौजिंगची खोलून करायची कामे या तीन महिन्यांत बसवता येतात, आणि १ ऑक्टोबरला गेट उघडते तेव्हा गाडी नव्या तेला-ग्रीसासह रांगेत उभी राहते.