‘अब्यूज’ आणि ‘छळ’: दोघांचाही रस्ता फसवणुकीतून

‘चाइल्ड अब्यूज’ आणि ‘ड्रग अब्यूज’ हे शब्द मराठी बातम्यांत आता सर्रास येतात. पहिल्यात माणसाला दिलेला त्रास आहे, दुसऱ्यात वस्तूचा गैरवापर. मराठीत या दोहोंना एकच शब्द लावावा असे कुणाच्या मनातही येणार नाही. मुलाचा छळ होतो, औषधाचा होत नाही. इंग्रजीचे मात्र एकाच शब्दावर भागते. ते कसे, हे कळायला लॅटिनपर्यंत मागे जावे लागते.

लॅटिनमध्ये ‘उती’ म्हणजे वापरणे. त्याला ‘अब’ हा उपसर्ग लागून ‘अबुती’ झाले. त्याचा आधीचा अर्थ वापरून संपवणे, फडशा पाडणे. दुरुपयोगाची छटा त्यातूनच चढली. इसवी सनापूर्वी ६३ मध्ये सिसेरो या वक्त्याने रोमच्या सिनेटमध्ये कॅटिलिना या कटवाल्यावर जे भाषण केले, त्याच्या पहिल्याच वाक्यात हे क्रियापद आहे. आमच्या सहनशीलतेचा गैरफायदा कुठवर घेणार, असा त्याचा अर्थ लावतात. ती कुठवर संपवत नेणार, असाही लागतो. आपले ‘अंत पाहणे’ इथे दोन्ही अर्थांना धरून चपखल बसते.

रोमन वक्तृत्वशास्त्रात ‘अबुसिओ’ नावाची संज्ञाही होती: एखाद्या गोष्टीला स्वतःचा शब्द नसला की शेजारचा शब्द ओढून लावणे. क्विंटिलियन हा वक्तृत्वाचा शिक्षक उदाहरण देतो ते पितृहत्या करणाऱ्यासाठीच्या शब्दाचे, जो आई किंवा भावाला मारणाऱ्यालाही लावला जाई. त्या हिशेबाने शेंगदाण्याचे तेल हाही अबुसिओच, कारण तैल म्हणजे मुळात तिळाचे. इथे अजून मारहाण नाही, शिवीगाळ नाही. वापरायची गोष्ट भलतीकडे वापरली, एवढेच.

फ्रेंचमधून हा शब्द पंधराव्या शतकात इंग्रजीत आला, तो येताना आणखी एक अर्थ घेऊन: फसवणे, भ्रमात ठेवणे. शेक्सपिअरचा मॅकबेथ भूत पाहून हादरतो आणि नंतर स्वतःच्या ‘सेल्फ-अब्यूज’बद्दल बोलतो, तेव्हा त्याला आत्मवंचना म्हणायची असते. आज हा अर्थ इंग्रजीत जवळजवळ पुसला गेला आहे. भ्रम दूर करणे या अर्थाचा ‘डिसअब्यूज’ तेवढा त्याची खूण म्हणून राहिला.

आता ‘छळ’ घ्या. संस्कृत ‘छल’ म्हणजे कपट. गीतेच्या दहाव्या अध्यायात ‘द्यूतं छलयतामस्मि’ (कपट करणाऱ्यांमध्ये मी जुगार आहे) म्हटले आहे, ते कपटाबद्दलच. न्यायदर्शन म्हणजे तर्क आणि वादाचे शास्त्र; त्याच्या सोळा पदार्थांत, म्हणजे विषयांत, तर छल हा स्वतंत्र पदार्थ आहे. समोरच्याच्या शब्दाचा त्याला नको असलेला अर्थ काढून त्याला खोटे पाडणे म्हणजे छल. त्याचे ठरलेले उदाहरण ‘नवकंबल’. बोलणाऱ्याला म्हणायचे असते की या मुलाकडे नवी कांबळी आहे. प्रतिवादी ‘नव’ म्हणजे नऊ असे धरतो आणि विचारतो, ‘याच्याकडे तर एकच दिसते, बाकीच्या आठ कुठे?’ म्हणजे इथे छल हा शब्दाचाच गैरवापर ठरतो, आणि रोमन अबुसिओच्या अगदी शेजारी येऊन बसतो.

हिंदीत ‘छल’ आजही कपटच आहे. मराठीत ‘ल’चा ‘ळ’ झाला आणि अर्थही सरकला. मला वाटते हा पूल सत्त्वपरीक्षेच्या कथांनी बांधला असावा. विश्वामित्राने हरिश्चंद्राला छळले म्हणताना शब्दात अडकवणेही असते आणि राज्य, बायको, मुलगा एकेक करून हिरावणेही. डाव मागे पडला, यातना उरल्या.

इंग्रजीत तेच घडायला वेळ लागला. सोळाव्या शतकापासून ‘अब्यूज’मध्ये शिव्या आल्या. मुलांच्या बाबतीत मात्र जाग आली ती विसाव्या शतकात. १९६२ मध्ये हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात मारहाण झालेल्या मुलांवर लेख लिहिला. तोवर अशा दुखापतींकडे डॉक्टरही अपघात म्हणून बघत असत. त्या लेखाच्या मथळ्यात शब्द ‘बॅटर्ड’ होता, मारहाणीचा. १९७४ च्या अमेरिकन संघीय कायद्याच्या नावातच ‘चाइल्ड अब्यूज’ आले.

भारतात २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने हा शब्द आणखी ताणला. त्याच्या तिसऱ्या कलमात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक असे प्रकार आहेत. इंग्रजी मसुद्यात त्या प्रत्येकाला ‘अब्यूज’ आहे. घरखर्चाला पैसे न देणे किंवा बाईचे स्त्रीधन परस्पर विकणे यांत अंगाला हातही लागत नाही, तरी तो हिंसाचार ठरतो. मराठी बातमीदार अशा वेळी निःशंकपणे ‘छळ’ लिहितो, आणि बरोबरच लिहितो.

व्यसनाच्या क्षेत्रात मात्र उलटा प्रवास चालू आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीने २०१३ मध्ये ‘सबस्टन्स अब्यूज’ हे निदानच काढून टाकले आणि त्याजागी ‘यूज डिसऑर्डर’, म्हणजे वापराचा विकार, असे नाव घेतले. व्यसनी माणसाला ‘अब्यूजर’ म्हटले की तो आजारी न वाटता गुन्हेगार वाटतो, अशी त्या शब्दावर टीका होत असे. ‘अब’ गेला, ‘उती’ राहिला.