मुल्कोवालची बाटली

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात प्लेगची लस टोचून घ्यायला लोक जमले होते. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली गेली. आठवड्याभरात त्यांतल्या काहींचे जबडे आवळू लागले, अंग ताठ होऊ लागलं. धनुर्वात. १९ जण गेले, आणि त्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळालेली होती. यानंतर त्या गावात कुणी 'नको ती सुई' म्हटलं असतं, तर त्याला अडाणी ठरवणार होतो का आपण?

लस नाकारणाऱ्यांची 'अज्ञान, अंधश्रद्धा आणि व्हॉट्सअॅप' एवढ्यावर बोळवण करायची आपल्याला सवय झाली आहे. अफवा पसरतात हे खरंच. पण त्या पसरतात तिथे आधी काय घडून गेलेलं असतं, हे बघायचे कष्ट आपण क्वचितच घेतो.

ही लस मुंबईत तयार झालेली. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग आहे हे मूळचे गोव्याचे डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी ओळखलं, आणि लवकरच वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईत बोलावून घेतलं गेलं. हाफकिन मूळचे ओडेसाचे, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी मांसरसात प्लेगचे जंतू वाढवायला घेतले. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांच्या खालच्या बाजूने जंतूंचे धागे लोंबू लागत. बाटली हलवली की ते तळाशी बसत आणि वर नवे धागे धरत. भरपूर पीक आलं की उष्णता देऊन जंतू मारायचे. मेलेले जंतू रोग देत नाहीत, पण शरीराला शत्रूची ओळख मात्र करून देतात. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली. न टोचलेल्या कैद्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, ६ दगावले; टोचलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले.

म्हणजे लस कामाची होती. तरी मुंबईकर तिच्यापासून लांब पळत होते. का? १८९७च्या साथरोग कायद्याने सरकारला जवळपास अमर्याद अधिकार दिले होते. घरात घुसून झडती, आजाऱ्याला उचलून नेणं, बाकीच्यांना छावणीत डांबणं, सामान जाळणं. हॉस्पिटलात गेलेला माणूस बहुतेकदा परत येत नसे, त्यामुळे तिथे माणसांचं तेल काढतात अशी वदंता उठली. १८९६च्या ऑक्टोबरातच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला होता. पुण्यात काय झालं, रँडचा शेवट कसा झाला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. आदल्या दिवशी दार फोडणाऱ्या सरकारनेच दुसऱ्या दिवशी सुई पुढे केली, तर माणूस दंड मागेच घेणार.

खोजा समाजाची गोष्ट मात्र वेगळी झाली. त्यांचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी चारचौघांत लस टोचून घेतली, आणि मग हजारो खोजा पुढे आले. लस तीच होती. शब्द कुणाचा, एवढाच फरक.

मुल्कोवालने पुढचं सगळं विस्कटून टाकलं. चौकशीचा ठपका हाफकिन यांच्या मुंबईतल्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पद गमवावं लागलं. पण पुरावे वेगळंच सांगत होते. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तोच वापरला गेला. धनुर्वाताचे बीजाणू मातीत सर्रास असतात. दूषण मुंबईतच झालं असतं, तर बंद बाटलीत ते जंतू माजून उघडताक्षणी दुर्गंधी आली असती. ती आली नव्हती. शेवटी १९०७ मध्ये मलेरियावरच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिलं आणि हाफकिन यांच्यावरचा डाग पुसला गेला. त्याच वर्षी एकट्या पंजाबात प्लेगने सहा लाखांहून अधिक माणसं मेली.

शंभर वर्षांनी पश्चिम उत्तर प्रदेशात पोलिओच्या डोसांबद्दल 'मुलं नपुंसक होतील' अशी अफवा होती. आणीबाणीतली सक्तीची नसबंदी तिथे कुणी विसरलेलं नव्हतं. शिवाय लोक विचारत, गटार तुंबलंय, पोराला हगवण लागली तर डॉक्टर मिळत नाही, मग हे दोन थेंब पाजायला पुन्हापुन्हा दारात का येता? मला तरी हा प्रश्न बिनतोड वाटतो. स्थानिक मौलवी आणि त्याच मोहल्ल्यातल्या बायका मोहिमेत आल्या, पोलिओसोबत इतर लसींचं आणि स्वच्छतेचंही बोलणं सुरू झालं, तेव्हा दारं उघडली. नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला.

आज बहुतेक घरांतली भीती एवढी नाट्यमय नसते. दीड महिन्याच्या बाळाला पेंटाव्हॅलंट, म्हणजे घटसर्पासह पाच आजारांवरची एकत्र लस, दिली की संध्याकाळी ताप चढतो, मांडी सुजते, बाळ रात्रभर रडतं. आई दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकत नाही, रोज बुडतो, वर सासू म्हणते, 'चांगलं हसतं-खेळतं पोर, कशाला नेलंस?' हा ताप म्हणजे प्रतिकारशक्ती कामाला लागल्याची खूण. पण तो डोळ्यांना दिसतो. टळलेला घटसर्प दिसत नाही. त्यात देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळं जन्मतात आणि लसींचं वय तेच आजारपणाचं वय. एवढ्या बाळांत काही जण लसीनंतर दोन दिवसांत निव्वळ योगायोगाने आजारी पडणारच. योगायोग की परिणाम, हे एका घराला कळू शकत नाही. त्यासाठी प्रत्येक गंभीर घटनेची नोंद आणि चौकशी लागते, आणि तिचा निष्कर्ष त्या घरापर्यंत पोचावाही लागतो. या शेवटच्या बाबतीत आपण कच्चे आहोत.

लसीकरण सत्रात नर्सताईंनी आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली, तिने काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढच्या वेळी कधी यायचं, आणि येताना कार्ड आणायचं. समोर पन्नास बाळं रडत असली की तारीख आणि कार्ड तेवढं सांगून होतं. दुसरी गोष्ट राहून जाते, आणि रात्री ताप चढल्यावर आईला नेमकी तीच हवी असते.