जांभ्याचे घर

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा या पट्ट्यात जांभा दगडाच्या चिऱ्यांनी बांधलेले कौलारू घर. उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस यांमुळे मूळ खडक झिजत जातो. त्यातील सिलिका पाण्याबरोबर निघून जाते, लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरतात आणि सच्छिद्र, तांबडा जांभा तयार होतो. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टर-अभ्यासकाने १८०७ मध्ये केरळातील अंगाडिपुरमच्या अशाच दगडाला ‘लॅटेराइट’ नाव दिले. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. नाव चपखल आहे. खाणीतला ताजा चिरा ओलसर, मऊ असतो आणि विटेसारखा हव्या त्या मापाचा कापता येतो. उन्हावाऱ्यात राहिला की कडक होतो.

जुन्या घरांत चिरे मातीत किंवा चुन्यात बसवत. जोते उंच. अंगणातून पायऱ्या चढून पडवी, मग ओटी, आत माजघर आणि देवघर, मागे स्वयंपाकघर, वर सामानाचा माळा. खांब-तुळयांना फणसाचे लाकूड बरेचदा वापरलेले दिसते. आवाराभोवतीचा गडगाही जांभ्याचाच, पण कोरडा रचलेला. पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ आणि नेचे उगवतात, तेव्हा त्याच्याइतके देखणे कुंपण दुसरे नाही.

जांभा पाणी पितो, आणि या घराची बरीचशी ठेवण त्यातूनच आली आहे. उतरते छप्पर भिंतीच्या बरेच पुढे येते, पडव्या भिंतींना झडीपासून जपतात, आणि जिथे पाऊस थेट मारतो तिथे मे महिन्यातच नारळाच्या झापांचा आडोसा बांधला जातो. पूर्वी छपरावर कुंभारी नळ्यांची कौले असत. वाऱ्याने आणि माकडांनी ती सरकत, म्हणून दरवर्षी पावसाआधी घर शाकारावे, म्हणजे कौले पुन्हा नीट लावावी लागत. १८६५ मध्ये बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. खाचेत खाच बसणारी ती मंगलोरी कौले पुढे कोकणभर पसरली आणि शाकारणीचा ताप पुष्कळ कमी झाला.

थोरल्या इमारतींनाही हाच दगड चालला. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १९१० पासून १९१६ मध्ये मृत्यू होईपर्यंत रत्नागिरीच्या ज्या राजवाड्यात राहिला, तोही जांभ्याचा आहे.

उघड्या जांभ्याच्या तांबड्या भिंतीची आज हौस आहे. ती हौस पुरवण्याआधी जुन्या गोव्यातले बॉम जीझसचे चर्च पाहून यावे. १६०५ मध्ये अभिषेक झालेल्या या इमारतीचा बाहेरचा गिलावा १९५०च्या दशकात काढून टाकला गेला. तेव्हापासून तिचा दगड पावसाने झिजत आहे. घराच्या बाबतीत उलट टोकही तितकेच वाईट: सिमेंटचा घट्ट गिलावा केला की भिंतीत मुरलेली ओल बाहेर पडत नाही आणि काही पावसाळ्यांत पापुद्रे सुटू लागतात. चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो. त्याला दर काही वर्षांनी हात फिरवावा लागतो, एवढेच.